ग्रानादात दोन महिने झाले, तरी स्पॅनिश जिथल्या तिथेच का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्पॅनिश सुधारावी म्हणून एका सत्रासाठी स्पेनमधल्या ग्रानादाला आले, जानेवारीअखेर परत जाणार. येताना बी१ (म्हणजे मध्यम) पातळी होती. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारनंतर मोकळी. घरात एक जर्मन, एक इटालियन आणि एक डच मुलगी, आपापसात इंग्रजीच चालतं. वर्गातल्या बाई बोलतात ते सगळं कळतं, बेकरीतली बाई बोलते त्यातलं निम्मंही कळत नाही. दोन महिने झाले, सुधारणा शून्य. घर बदलू का? वर्ग सोडून विद्यापीठातला विषय घेऊ का? इथल्या उच्चारांनी माझी स्पॅनिश बिघडेल का? आणि देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या बी२ ला, म्हणजे पुढच्या पातळीला, बसू का?"

आधी थेट उत्तरं देते. घर बदलता आलं तर बदल. वर्ग सोडू नकोस, पण जोडीला विद्यापीठातल्या एका विषयाच्या तासांना जाऊन बस. उच्चार बिघडायची भीती काढून टाक. देलेचं शेवटी सांगते, कारण त्यात थोडं गणित आहे.

मी स्पॅनिश शिकवते, आणि सत्रापुरती स्पेनला जाणाऱ्या मुलामुलींची घरं, विषय, परीक्षा हे सगळं बरीच वर्षं जवळून पाहत आले आहे. साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर असं विचारणारं कुणी ना कुणी असतंच. सप्टेंबरातली नवलाई ओसरलेली असते, परतीची तारीख दिसायला लागलेली असते. तुझी स्पॅनिश अडकली यात तुझ्या बुद्धीचा दोष नाही आणि वर्गाचाही नाही. आज त्या शहरात असा एकही माणूस नाही, ज्याचं तुझ्या स्पॅनिशवाचून काही अडतंय. वर्गातल्या बाईंना तुला समजून घेण्याचा पगार मिळतो. घरातल्या मुलींचं इंग्रजीत भागतं. बेकरीत तू पावाचं नाव सांगतेस, ती काहीतरी विचारते, तू मान डोलावतेस, पैसे देतेस, संपलं. असे संवाद पहिल्या आठवड्यात पुष्कळ शिकवतात आणि नंतर काहीच शिकवत नाहीत, कारण रोज तेच चार शब्द लागतात. कितीही दुकानं फिरलीस तरी त्यातून बी२ होणार नाही.

हे नुसतं माझं मत नाही. फ्रीड, सेगालोविट्झ आणि ड्यूई या संशोधकांनी २००४ मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या तीन गटांची तुलना केली. एक गट आपल्याच कॉलेजात नेहमीसारखा शिकत होता, दुसरा फ्रान्सला गेला होता आणि तिसरा अमेरिकेतच, पण एकमेकांशी फ्रेंचच बोलायच्या वातावरणात, उन्हाळी निवासी वर्गात राहत होता. बोलण्याच्या ओघात सर्वांत पुढे गेला तो हा तिसरा गट. वर्गाबाहेर फ्रेंच सर्वांत जास्त तेच बोलत आणि लिहीत होते. फ्रान्सला गेलेल्यांनी मात्र वर्गाबाहेर आपण फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त वापरतो, असं स्वतःच नोंदवलं होतं. परदेशी जाणं फुकट असा याचा अर्थ काढू नकोस. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात आलिकांतेला एक सत्र राहिलेले स्पॅनिशचे विद्यार्थी मायदेशी शिकणाऱ्यांपेक्षा बोलण्यात पुढे गेलेले दिसले. म्हणजे गावाचा फायदा आहे, पण तो आपोआप मिळत नाही.

म्हणून पहिलं घर. सत्राच्या मध्यावर खोल्या कमी असतात, पण असतात. कुणाचं पटत नाही, कुणी शिक्षण सोडून जातं. नुसत्या संकेतस्थळांवर अवलंबून राहू नकोस. विद्याशाखांच्या भिंतींवर, विशेषतः विद्यापीठाच्या कार्तुखा आवारात, खोली भाड्याने देण्याचे कागद अजूनही चिकटवलेले असतात आणि ते बहुतेक स्थानिक मुलामुलींनी लावलेले असतात. खोली बघायला जाशील तेव्हा खिडकी आणि गादी बघच, पण एक प्रश्न नक्की विचार: जेवण एकत्र बनवता की ज्याचं त्याने? जिथे प्रत्येकीचा शीतकपाटातला खण वेगळा आणि दार बंद, तिथे तीन स्पॅनिश मुली असूनही तू मुकीच राहशील. जिथे रात्री साडेनऊला कुणीतरी बटाट्याचं ऑम्लेट टाकतं आणि बाकीच्या भोवती जमतात, तिथे भाडं थोडं जास्त असलं तरी घे. मात्र आधीच्या घराच्या करारात किती दिवसांची सूचना द्यायची हे वाचल्याशिवाय नव्या घराला शब्द देऊ नकोस. अनामत साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी असते, आणि ती अडकली तर जानेवारीत परत मिळवायला वेळ उरणार नाही.

ग्रानादाचा एक फायदा बाहेरच्यांना पटकन लक्षात येत नाही. तिथे शिकणारी पुष्कळ मुलं खाएन, आल्मेरिआ अशा शेजारच्या प्रांतांतली. शुक्रवारी बसने गावी जातात, रविवारी रात्री आईने भरून दिलेले डबे घेऊन परततात. अशी एखादी घरसोबतीण मिळाली आणि तिने "चल आमच्या गावी" म्हटलं, तर लगेच हो म्हण. तिची आजी तुझ्याशी इंग्रजी बोलणार नाही. ती तुला पाच वेळा जेवलीस का विचारेल, तू कुठली, आईवडील काय करतात, तिकडे थंडी असते का, सगळं विचारेल आणि उत्तर समजेपर्यंत सोडणार नाही. दोन दिवसांत तू जितकं बोलशील तितकं वर्गात महिनाभरात बोलत नाहीस. याउलट सुट्टी जोडून आली की परदेशी विद्यार्थ्यांच्या टोळीबरोबर स्वस्त विमानाने कुठेतरी जाणं म्हणजे तीन-चार दिवस अखंड इंग्रजी. जाऊ नकोस असं नाही म्हणत, वय तुझं तेच आहे. पण डिसेंबरात ६ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या येतात. त्यातली एक तरी गावाला दे.

घर बदलणं जमलंच नाही तर? मग आहे त्या घरात स्वयंपाकघरापुरता नियम कर: इथे फक्त स्पॅनिश. शेवटी त्या तिघीही स्पॅनिशसाठीच आल्या आहेत. चुकीची भाषा एकमेकींना लागेल या धास्तीने मुली हे टाळतात. चुका थोड्या लागतातही, पण बोलायचा सराव त्याहून मोठा आहे, आणि चुका काढायला तुझा वर्ग आहेच.

आता बेकरीतली बाई. ती भरभर बोलते हे खरंच, पण खरी अडचण वेगळी आहे. तुझा कान जे आवाज शोधतोय ते ती उच्चारतच नाही. ग्रानादात शब्दाच्या शेवटचा 'स' बहुतेक वेळा गळतो. 'मास ओ मेनोस' (कमीजास्त) चं 'मा ओ मेनो' होतं. मग अनेकवचनाचा 'स'च गेला तर एक घर की अनेक, हे कळायचं कसं? ग्रानादा ज्यात येतं त्या आंदालुसिया प्रदेशाच्या पूर्व भागात 'स' गळतो तेव्हा त्याच्या आधीचा स्वर मोकळा होतो. 'ला कासा' म्हणजे एक घर. 'लास कासास' म्हणजे घरं, पण ऐकू येतं ते 'लॅ कासॅ'च्या जवळपासचं. हा 'ॲ' आपल्या मराठी कानाला अगदी ओळखीचा आहे, फक्त तो इथे अनेकवचन सांगतोय हे ठाऊक नसतं. एक संध्याकाळ नुसतं तेवढंच ऐक. बाकी सगळं सोडून दे, फक्त शेवटचा स्वर मिटका की उघडा एवढं टिपत राहा.

दोन स्वरांमधला 'द'ही पुसट होतो. 'कान्सादो' (दमलेला) चं 'कान्साओ', 'तोदो' (सगळं) चं 'तो', 'नादा' (काही नाही) चं नुसतं 'ना'. 'पारा' (साठी) चं 'पा' होतं. यातलं '-आदो'चं '-आओ' करणं तर माद्रिदमध्येही सर्रास चालतं, त्यामुळे ते शिकायलाच हवं. थोडासा वेळ म्हणताना पुस्तकातलं 'रातितो' तुला क्वचित ऐकू येईल, तिथे 'रातिको' म्हणतात. 'स' आणि जीभ दातांत धरून काढायचा 'थ'सारखा आवाज कुणी वेगळे ठेवतं, कुणी दोन्हीकडे 'स' म्हणतं, आणि आसपासच्या काही गावांत दोन्हीकडे 'थ'. तिन्ही प्रकार एकाच बसमध्ये ऐकू येतील.

कान तयार करायला माझ्याकडे एकच खात्रीचा उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. कनाल सुर हे आंदालुसियाचं स्वतःचं रेडिओ-दूरदर्शन. त्यातला असा कार्यक्रम निवड, ज्यात श्रोते फोन करतात. निवेदकांचं बोलणं घासूनपुसून घेतलेलं असतं, श्रोत्यांचं नसतं. एका श्रोत्याचं फक्त एक मिनिट घे आणि शब्द न् शब्द लिहून काढ. जिथे अडशील तिथे रिकामी जागा सोड. मग ती जागा घरातल्या किंवा वर्गातल्या कुणा स्थानिकाला ऐकवून भरून घे. पहिल्या दिवशी या एका मिनिटाला पाऊण तास लागेल. पण भरलेल्या जागा बघितल्यास तर त्यातले बहुतेक शब्द तुला आधीपासून येत होते, हे दिसेल. नवे शब्द पाठ करण्यात जो वेळ घालवतेस त्यातला निम्मा इकडे वळव. तासन् तास मालिका बघत बसण्यापेक्षा हे मिनिट जास्त काम करतं. मालिका बघताना आपण चित्रावरून अर्थ लावतो आणि कान झोपून राहतो.

भाषा बिघडण्याबद्दल: एखादी बोली समजायला लागली म्हणून तुझी बोली बिघडत नाही. बोलताना तुला जमतं ते एक वळण धर आणि त्यावर राहा. देलेतही स्पॅनिशचा कोणताही रूढ प्रांतिक प्रकार चालतो.

मान डोलावण्याची सवय मात्र आजच्या आज सोडायला हवी. न कळता 'सी, सी' (हो, हो) म्हणणं हा परदेशातल्या विद्यार्थ्यांचा सगळ्यात महागडा सभ्यपणा. त्याऐवजी जे कळलं ते परत म्हण आणि नेमकं न कळलेल्या जागी प्रश्न ठेव. समज, जुन्या घरात पाणी ब्युटेनच्या नारिंगी सिलिंडरवर तापतं आणि घरमालकीणबाई फोनवर घाईघाईने सांगतायत की उद्या सिलिंडरवाला येईल, रिकामा दाराबाहेर ठेव, पैसे अमक्याकडे दे. तुला उद्या, सिलिंडर, दार एवढंच सापडलं. "परदोन, नो एंतिएंदो" (माफ करा, कळलं नाही) म्हणालीस तर त्या पहिल्यापासून सगळं तितक्याच वेगाने, फक्त मोठ्या आवाजात सांगतील. पण "मान्याना देखो ला बोंबोना एन ला पुएर्ता, ई एल दिनेरो, आ किएन?" म्हणजे "उद्या सिलिंडर दाराशी ठेवते, आणि पैसे कुणाकडे?" असं विचारलंस, तर उत्तरात फक्त एक नाव येईल आणि ते तुला कळेल. शिवाय समोरच्याला हेही कळतं की ही मुलगी समजून घेतेय, हिच्याशी इंग्रजीकडे वळायची गरज नाही. फोनची अशी कामं मुद्दाम अंगावर घे. घरात कुणी 'मी करते फोन' म्हणत नाही ना, तू म्हण. फोनवर हातवारे नसतात, चेहरा नसतो, नुसती भाषा असते.

आणि कुणी इंग्रजीत उत्तर दिलंच तर रागावू नकोस, अपमान वाटून घेऊ नकोस. बहुतेकांना तेही सरावाला हवं असतं. "प्रेफिएरो सेगिर एन एस्पान्योल, सि नो ते इम्पोर्ता" (चालत असेल तर स्पॅनिशमध्येच बोलू) एवढं हसून म्हटलं की पुरतं.

भाषेच्या देवाणघेवाणीच्या जोडीदाराबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील. बारमध्ये होणाऱ्या त्या सामूहिक संध्याकाळी टाळ. दहा मिनिटांत सगळं टेबल इंग्रजीवर येतं. एकच जोडीदार शोध आणि त्याची एकच कसोटी ठेव: त्याचं इंग्रजी तुझ्या स्पॅनिशपेक्षा कच्चं हवं. नाहीतर जी भाषा जास्त सोपी पडते तिकडेच गाडी घसरते, याला इलाज नाही. वेळ घड्याळ लावून निम्मी निम्मी वाटून घ्या.

त्याहीपेक्षा चांगलं म्हणजे असा गट, जिथे भाषा हा विषयच नाही. गायनवृंद, नाटक, व्हॉलीबॉल, काहीही चालेल, पण आठवड्याला ठरलेल्या वेळी तीच माणसं भेटली पाहिजेत. मला स्वतःला डोंगरभटक्यांचे गट सर्वांत आवडतात. सिएरा नेवादाची डोंगररांग शहराच्या उशाशी आहे, आणि चढावर माणूस एका वेळी एकाशीच बोलतो, हळू बोलतो, मध्ये दम खायला थांबतो. समोरासमोर बघावं लागत नसल्याने बुजऱ्या मुलीही मोकळ्या होतात. टेबलाभोवती पाच-सहा जणांच्या गप्पांत शिरणं मात्र सर्वांत शेवटी जमतं. ग्रानादात पेयाबरोबर खाणं फुकट येतं म्हणून सगळे तिथेच बसतात, आणि नवखी मुलगी तासभर नुसती हसत राहते. तिथे काही जमलं नाही म्हणून आपली भाषा कच्ची, असा निष्कर्ष काढू नकोस. चार जण एकदम बोलत असताना बी२ वालेही गडबडतात.

बोलायला विषय सुचत नाही, ही तक्रार जवळपास सगळ्यांची असते. यासाठी ४-३-२ नावाची जुनी पद्धत वापर. आठवड्यात घडलेली एक गोष्ट निवड. पहिल्या माणसाला ती चार मिनिटांत सांग, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. गोष्ट तीच, माणसं वेगळी. तिसऱ्या खेपेला वाक्यं आपोआप जुळून येतात आणि भूतकाळाची दोन रूपं कुठे कुठली घालायची याचा गोंधळ निम्म्यावर येतो. जोडीदार, घरसोबतीण, डोंगरातला सोबती, झाले तीन.

पण नुसतं बोलत राहण्यात बी१ चा एक सापळा आहे. तुझं आता भागतं. नेमका शब्द आठवला नाही की 'कोसा' (वस्तू, गोष्ट), क्रियापद आठवलं नाही की 'असेर' (करणे), आणि समोरचा समजून घेतो. स्पेनमधली माणसं चुका सुधारत बसत नाहीत, ते त्यांना उद्धट वाटतं. त्यामुळे 'कुआंदो येगो आ कासा, ते यामो' असं तू वर्षभर म्हणालीस तरी कुणी अडवणार नाही. भविष्यातल्या गोष्टीसाठी तिथे 'येगे' हवं: घरी पोचले की फोन करते, म्हणजे अजून पोचायचं आहे. अशी एकच चूक आठवड्यासाठी निवड आणि विश्वासातल्या एकाच माणसाला सांग की फक्त ही ऐकू आली की मला थांबव, बाकीच्या जाऊ देत. सगळ्या चुका सुधारा म्हटलं की समोरचा दोन दिवसांत कंटाळतो आणि तूही. वर्ग सोडू नकोस म्हणते ते याचसाठी: 'येगे' का आणि 'येगो' का नाही, हे रस्त्यावर कुणी समजावणार नाही.

मराठी बोलणारी म्हणून काही गोष्टी तुझ्या बाजूने आहेत, त्या वापर. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना 'मे गुस्ता एल काफे' महिनोन् महिने छळतं. तुला 'मला कॉफी आवडते' हीच रचना आहे, कॉफी कर्ता आणि मी 'मला'. तिथे इंग्रजीतून विचार करूच नकोस. त आणि द तुझे जन्मापासून बरोबर आहेत, श्वास न सोडता म्हणायचे प आणि कही. एक गोष्ट मात्र उलटी जाते. वयाने मोठं कुणी दिसलं की आपल्या तोंडून आदरार्थी रूप निघतं. स्पेनमध्ये प्राध्यापकांनाही बहुतेक ठिकाणी 'तू'च म्हणतात. सतत 'उस्तेद' (आदरार्थी 'तुम्ही') म्हणत राहिलीस तर माणसं अंतर राखतात. घरसोबतिणीच्या आजीसाठी मात्र ते राखून ठेव, ती स्वतः नको म्हणेपर्यंत.

विद्यापीठातल्या विषयाबद्दल: सत्राच्या मध्यावर अधिकृत नोंदणी आता बहुधा होणार नाही. पण प्राध्यापकांना इमेल करून 'ओयेंते' म्हणजे नुसतं ऐकायला बसू का, असं विचारता येतं आणि अनेक जण हो म्हणतात. ज्यात गटाने प्रकल्प करायचा असतो असाच विषय निवड. परीक्षा जानेवारीत असतात. डिसेंबरात प्रत्येक गटाला कुणीतरी काम करणारं हवंच असतं. तक्ते कर, चित्रं शोध, काहीही कर, पण त्यांच्या व्हॉट्सॲप गटात शीर. तिथे तुझ्या उत्तराची कुणीतरी खरोखर वाट बघत असेल.

आता देले. बी२ मध्ये चार भाग: वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. पण पास व्हायला एकूण बेरीज चालत नाही. वाचन आणि लेखन हा एक गट, ऐकणं आणि बोलणं हा दुसरा, आणि दोन्ही गटांत ५० पैकी ३० वेगवेगळे मिळवावे लागतात. वाचनात तुला २३ मिळाले तरी ते ऐकण्याच्या कामी येणार नाहीत. ऐकण्यात १० मिळाले तर बोलण्यात २० हवेत, आणि ते आज तुला कठीण आहे. नमुना प्रश्नपत्रिका ध्वनिफितींसह, ही परीक्षा घेणाऱ्या सेर्वांतेस संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत असतात. डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी फक्त ऐकण्याचा भाग, ४० मिनिटं, मध्ये न थांबवता सोडव. १५ च्या पुढे गेलीस तर परत गेल्यावर येणाऱ्या पहिल्या देले परीक्षेला नाव नोंदव. नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी बंद होते, म्हणून तारखा आत्ताच बघून ठेव. १५ च्या खाली राहिलीस आणि तरीही कॉलेजला दाखवायला काही हवं असेल, तर सिएले ही स्पॅनिशची दुसरी परीक्षा दे. त्यात पास-नापास नाही, १००० पैकी गुण आणि त्यावरून पातळी मिळते, निकालही लवकर लागतो. फक्त ते प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं आणि देलेचं कायमचं. तुझं कॉलेज दोन्हींपैकी कुठलं धरतं, हे पैसे भरण्याआधी त्यांना लेखी विचारून घे.